एकट्या वाचकाचे पाठ्यपुस्तक : पशुवैद्यकीय दूरशिक्षणातील मराठी

ज्ञानदेवांनी पैठण येथे ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, तो परतीच्या वाटेवर जुन्नर तालुक्यातील आळे या गावी निवर्तला व तेथेच त्यास समाधी देण्यात आली, अशी परंपरा आहे. मुक्या जनावरास वाणी लाभली, हा त्या कथेतील चमत्कार होय. जनावरांची शुश्रूषा शिकविणाऱ्या पुस्तकापुढे प्रश्न उलट असतो. जनावर बोलणार नाही, हे तेथे गृहीतच असते. त्याच्या देहावरील खुणा वाचकास ओळखता याव्यात, एवढे सामर्थ्य पुस्तकाच्या भाषेत असावे लागते. दूरशिक्षणात तर ही जबाबदारी दुणावते. वर्गातील अध्यापक अवघड संज्ञा उच्चारून लगेच तिचा खुलासा करतो, चुकलेला हात धरून योग्य जागी नेतो. पहाटे दूध-संकलन केंद्रावर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या आळे परिसरातील विद्यार्थ्याजवळ असा अध्यापक नसतो. त्याच्यापाशी संज्ञा असते, आणि गोठ्यात गाय असते. या दोहोंमधील अंतर मराठी कितपत भरून काढते, हाच येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

शेतीचे शिक्षण मराठीतून घरी पोहोचविता येते, याविषयी आता शंका उरलेली नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद स्वीकारून ती वाट रुळविली. पशुवैद्यकीय तंत्राची गोष्ट मात्र अधिक नाजूक आहे. अमेरिकेत या विषयाचे दूरशिक्षण मान्यता पावले आहे. परंतु तेथेही विद्यार्थ्यास पशुरुग्णालयात जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्येक कृती करून दाखवावी लागते. पुस्तक हाताची जागा घेऊ शकत नाही, ही त्यामागील जाणीव होय. म्हणून अशा पुस्तकातील संज्ञेचे मूल्यमापन तिच्या भारदस्तपणावरून न करता, ती वाचकाचा डोळा व हात कोठे नेते यावरून करणे युक्त ठरते.

या कसोटीवर 'दुग्धज्वर' ही सर्वत्र रूढ असलेली संज्ञा टिकत नाही. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने खाली बसते, मान कुशीकडे वळविते, तिचे कान गार पडतात. या विकारात ज्वर नसतो. शरीराचे तापमान प्राकृत किंवा त्याहूनही कमी असते. मूळ इंग्रजी नावातच हा दोष आहे आणि मराठीने तो शब्दशः उचलला. एकटा वाचक तापमापक लावील, ताप नाही असे पाहील, आणि हा 'ज्वर' नव्हे असे ठरवून स्वस्थ बसेल. तेवढ्या अवधीत गाय दगावू शकते.

'सांसर्गिक गर्भपात' या संज्ञेचा दोष याहून सूक्ष्म आहे. ती खोटे सांगत नाही, अर्धेच सांगते. ब्रुसेलोसिस हा रोग गाभडलेल्या जनावराच्या स्रावांतून व कच्च्या दुधातून माणसासही जडतो, आणि वारंवार येणारा ताप व सांधेदुखी यांनी त्यास दीर्घकाळ पिडतो. 'गर्भपात' या शब्दाने भय जनावरापुरते सीमित होते. उघड्या हाताने वार काढणाऱ्या माणसास ती संज्ञा सावध करीत नाही. येथे 'ब्रुसेलोसिस' हा परका शब्दच पत्करणे इष्ट. तो स्वतः काही सुचवीत नसल्यामुळे निदान भलतेही सुचवीत नाही, आणि पुस्तकास त्याचा खुलासा करणे भाग पडते.

तथापि, यावरून संस्कृतोद्भव संज्ञा त्याज्य आणि गोठ्यातील शब्द ग्राह्य, असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कास कठीण होते यावरून लोक ज्याला 'दगडी' म्हणतात, तो रोग त्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेला असतो. दुधातील गुठळ्या किंवा सडाचा ऊनपणा यांकडे 'दगडी' हा शब्द लक्ष वेधीत नाही. 'कासदाह' हा घडीव शब्द ते करतो. उलटपक्षी 'मुका माज' या संज्ञेस तोड नाही. म्हैस माजावर येते, पण हंबरून ते सांगत नाही; काचेसारखा सोट आणि किंचित अस्वस्थता एवढीच खूण असते. ती हुकली तर एकवीस दिवस वाया जातात. 'मुका' या एका विशेषणाने हे सारे निरीक्षण वाचकाच्या हाती दिले आहे.

संज्ञांपेक्षाही वाक्यरचनेचा प्रश्न गंभीर आहे. 'इंजेक्शन देण्यात यावे', 'उपचार करण्यात यावेत' अशा धाटणीची वाक्ये शासकीय मराठीतून शास्त्रीय लेखनात शिरली आहेत. त्यांत कर्ता लुप्त असतो. ते इंजेक्शन कोणी द्यावयाचे? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पदविका वा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यास राज्य शासनाच्या अनुमतीने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, केवळ किरकोळ पशुवैद्यकीय सेवाच देता येतात. कायदा ज्या कर्त्याविषयी इतका काटेकोर आहे, त्यासच व्याकरण वाक्यातून घालवून देते. दुग्धज्वरात शिरेतून कॅल्शियम देणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. ते घाईने दिले गेल्यास हृदय बंद पडण्याचा धोका असतो. 'पशुवैद्यकास तत्काळ बोलवा. तो येईपर्यंत गाईस आडवी पडू देऊ नका, तोंडाने औषध पाजू नका,' ही वाक्ये साधी आहेत. परंतु त्यांत कोणी काय करावयाचे आणि काय टाळावयाचे, हे निःसंदिग्ध आहे. विद्यार्थ्याची मर्यादा त्यास सांगणे यात त्याचा अधिक्षेप नाही. त्याच्या हातून होणारा अपघात टाळण्याचा तो मार्ग आहे.

शास्त्रीय मराठीच्या घडणीत एकरूपतेस फार महत्त्व दिले गेले, आणि ते योग्यच होते. लोकशब्द दर बारा कोसांवर पालटतात. परंतु एकरूप संज्ञा ही शिक्षणाची पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे. प्रमाण संज्ञा, तिच्याजवळ परिसरातील शब्द, आणि दोन्ही कोठे फसवितात याची सूचना, एवढे पानावर असल्यास दूरच्या विद्यार्थ्याचे एकटेपण पुष्कळ उणावेल.

रेड्याने वेद म्हटले, त्यास अर्थ कळला की नाही, हे कोणी विचारले नाही. तेथे उच्चार हाच साक्षात्कार होता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडून मात्र पुस्तकाने नुसता उच्चार मागता कामा नये. परीक्षेत 'दुग्धज्वर' शुद्ध लिहिणारा आणि गोठ्यात गार पडलेला कान हाती लागताच धावणारा, हे दोघे एकच व्हावेत, यातच त्या मराठीची परीक्षा आहे.