उद्याची चिंता आणि आजची चूल : ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धेचा एक विचार

मराठी ख्रिस्ती साहित्यात ईश्वरावरील भरवशाचा विचार प्रामुख्याने दोन रूपांत आढळतो. एक रूप भक्तिगीताचे, अभंगाचे. तेथे भक्त आपला भार देवावर टाकतो आणि निश्चिंत होतो. दुसरे रूप संसारकथेचे. तेथे भार टाकल्यानंतरही सायंकाळी चूल पेटवावी लागते, दारी आलेल्याला पान वाढावे लागते आणि डब्यात पीठ किती उरले आहे हे कोणाला तरी पाहावे लागते. पहिल्या रूपाचे मोठे प्रतिनिधी नारायण वामन टिळक (1861–1919); दुसऱ्याच्या प्रतिनिधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (1868–1936). एकाच घरात, एकाच श्रद्धेतून ही दोन रूपे आकारास आली, हा मराठी वाङ्मयेतिहासातील विलक्षण योग होय. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाचे वाचन या दृष्टीने फारसे झालेले नाही.

टिळकांच्या धर्मांतराचा आरंभ एका आगगाडीच्या प्रवासात झाला. सहप्रवासी असलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील या प्रवचनाच्या मध्यभागी चिंतेसंबंधीचा प्रसिद्ध उपदेश आहे. काय खावे, काय ल्यावे याची चिंता वाहू नका, असे तेथे सांगितले आहे. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत. रानफुले सूत काढीत नाहीत. तरी त्यांचे पालन होते. उपदेशातील हे दृष्टान्त शेतातील आणि घरातील श्रमांतून घेतलेले आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. पेरणी-कापणीबरोबर सूतकताईचाही उल्लेख होतो, तेव्हा घराबाहेर राबणारे आणि घरात राबणारे हात दोन्ही वक्त्याच्या नजरेसमोर असल्याचे जाणवते.

या उपदेशाचे स्थानही अर्थपूर्ण आहे. देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, या वचनाच्या लगेच नंतर तो येतो. त्याच अध्यायात आधी आलेली प्रार्थना केवळ आजच्या भाकरीपुरती आहे. उपदेशाचा शेवटही संकटमुक्तीच्या आश्वासनाने होत नाही. प्रत्येक दिवसाला त्या दिवसाचे दुःख पुरेसे आहे, असे तेथे मान्य केले आहे. दुःख नाकारलेले नाही, त्याची वाटणी दिवसागणिक केली आहे. हा बारकावा ध्यानात ठेवला, तर ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा पोत अधिक उलगडतो.

टिळकांच्या ठायी हा उपदेश वृत्तीशी एकरूप झाला. संतपरंपरेचा, विशेषतः तुकारामांचा संस्कार त्यांच्यावर होताच. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची स्वतःचीच भावना होती. संग्रह न करणे, असेल ते देऊन टाकणे, पाहुण्याला नाही न म्हणणे, मनात आले की उठून निघणे हे त्यांचे स्वभावविशेष धर्मांतरापूर्वीही होते. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना अधिष्ठान दिले. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, ही त्याच वृत्तीची परिणती होती.

मात्र असा निश्चिंत पुरुष ज्या घराचा कर्ता असतो, त्या घरातील चिंता नाहीशी होत नाही. ती दुसऱ्याच्या माथी जाते. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा मोठा भाग या हस्तांतराची हकीकत आहे. खर्चाचा मेळ, अवेळी आलेली माणसे, बाजारातून भलतेच काही घेऊन परतणारा पती, न सांगता घडणारी त्याची प्रस्थाने हे सारे लक्ष्मीबाईंच्या निवेदनात पुन्हा पुन्हा येते. येथे वाचकापुढे खरा प्रश्न उभा राहतो. एकाचा देवावरील भरवसा दुसऱ्याच्या काळजीवर पोसला जात असेल, तर त्याला श्रद्धा म्हणावे की सोय?

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया या बहिणींची कथा येथे सहज आठवते. मरिया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते, मार्था पाहुणचाराच्या धांदलीत त्रस्त होते आणि तिला अनेक गोष्टींच्या काळजीबद्दल प्रेमाने टोकले जाते. टिळकांना मरियेच्या आणि लक्ष्मीबाईंना मार्थेच्या जागी बसवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ही विभागणी फार सोपी आहे. कथेतील मार्था तक्रार करते, लक्ष्मीबाई हसतात. पतीला हसतात, त्याहून अधिक स्वतःला हसतात. त्यांचा विनोद हा केवळ शैलीचा अलंकार नव्हे. काळजीच्या विषयाकडे हातभर अंतरावरून पाहता येणे, हीच काळजीच्या पकडीतून सुटण्याची पहिली पायरी असते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विनोद हेच श्रद्धेचे गद्य आहे.

या हसण्याची किंमत ग्रंथाच्या आरंभीच कळते. 1857 च्या धामधुमीत आजोळी कोसळलेल्या आपत्तीनंतर त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचा अतिरेक आरंभिला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ नये, स्पर्शाने विटाळ होऊ नये, यासाठी सारे घर वेठीस धरले गेले. हे सोवळे म्हणजे भयाने धारण केलेले धर्मरूप होते. जगावर विश्वास उरला नाही म्हणजे माणूस सतत हात धुत राहतो. अशा घरात वाढलेली मुलगी पुढे जातिभेदाचे बंधन झुगारून कोणाच्याही हातचे पाणी पिण्यापर्यंत येते, तेव्हा तो सामाजिक सुधारणेचा टप्पा असतोच. शिवाय ती भयातून भरवशाकडे झालेली वाटचालही असते. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली, स्वतःची खात्री पटल्यानंतर झाला. उसन्या श्रद्धेवर त्या विसंबल्या नाहीत. म्हणूनच त्यांच्या भरवशाला वजन आहे.

पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे उदाहरण या संदर्भात तुलनेस उपयुक्त ठरते. दुष्काळात आईवडील गमावलेल्या या विदुषीने पुढे 1896–97 च्या दुष्काळात शेकडो मुली व स्त्रियांना केडगावच्या मुक्तिसदनात आश्रय दिला. त्यांची भिस्त प्रार्थनेवर होती. त्याच वेळी विहिरी खणणे, शेती करणे, मुलींना उद्योग शिकवणे हेही चालू होते. तेथे प्रार्थना आणि तजवीज एकाच व्यक्तीच्या हाती होत्या. टिळकांच्या घरात त्या दोघांत वाटल्या गेल्या. ‘स्मृतिचित्रे’तील ताण या वाटणीतून निर्माण होतो.

भाविक वाचक या ग्रंथात पतीच्या थोरवीची साक्ष शोधतो. आधुनिक वाचक पतीविरुद्धचे आरोपपत्र शोधतो. दोघांनाही आधार सापडतात आणि दोघेही अपुरे ठरतात. लक्ष्मीबाईंनी झळ लपवलेली नाही, तशी ती हिशेबाच्या वहीत मांडून वसुलीही मागितलेली नाही. पतीचा निष्काळजीपणा आणि पतीची उदारता या एकाच नाण्याच्या बाजू आहेत, हे त्यांनी ओळखले होते. दारी आलेल्या निराधाराला त्यांनीही परत पाठवले नाही. दान देताना त्यांना घरातील पिठाचा अंदाज होता, एवढाच फरक. आणि रिकाम्या डब्याची माहिती असूनही केलेले दान हे माहितीवाचून केलेल्या दानापेक्षा अधिक श्रद्धेचे मानावे लागेल.

टिळकांच्या मृत्यूनंतर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांचे लेखन थोड्या अध्यायांवर थांबले होते. काव्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंच्या हातचा आहे. लिहिणे-वाचणे पतीकडून शिकलेल्या स्त्रीने त्याचे महाकाव्य हाती घ्यावे, यात धाडस आहे. त्यात संसाराची जुनी सवयही आहे. त्यांनी जे उत्साहाने आरंभिले, ते पार पाडणे बहुधा यांच्याच वाट्याला येई. अगोदर संसारात घडले, तेच शेवटी काव्यात घडले.

उद्याची चिंता करू नये, हा उपदेश टिळकांनी अभंगाच्या उंचीवर नेला. लक्ष्मीबाईंनी त्याचे दुसरे अर्धे जपले. आजचे दुःख आजच उचलावे लागते, आणि ते कोणी उचलले याची नोंद राहिली पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ ही ती नोंद आहे. म्हणूनच श्रद्धेविषयी बोलणाऱ्या अनेक ग्रंथांपेक्षा, श्रद्धेविषयी फारसे न बोलणारा हा ग्रंथ अधिक विश्वसनीय वाटतो.