लेडी वाइल्ड आणि शाळकरी वह्या

आयर्लंडमधील लोकोपचारांचा विषय निघाला की लेडी जेन वाइल्ड यांच्या ‘एन्शंट क्युअर्स, चार्म्स अँड यूसेजेस ऑफ आयर्लंड’ (१८९०) या संग्रहाचे नाव हटकून घेतले जाते. ऑस्कर वाइल्डची ही आई स्वतः कवयित्री. पती सर विल्यम वाइल्ड शल्यचिकित्सक आणि लोकसाहित्याचे संग्राहक. १८७६ साली ते वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या सामग्रीचा या लेखनाला मोठा आधार आहे. भाषा डौलदार आहे, मन रमते. तरी पुस्तक मिटल्यावर आम्हांस चुटपुट लागते ती ही, की हा उपाय सांगितला कोणी? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही. सारा आयर्लंड एकाच आवाजात बोलतो आणि तो आवाज बाईंचा आहे.

याशेजारी १९३७ ते १९३९ या काळातील शाळकरी वह्या ठेवाव्यात. आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या योजनेनुसार सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांनी घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून ही टिपणे लिहिली. वाक्ये तुटक, शैली अशी नाहीच. पण पुष्कळदा खाली सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव असते. आमच्या मते उपचाराचा अर्धा भाग तेथेच आहे. गजकर्ण बरे करण्याचा गुण सलग सातव्या मुलाच्या हातात मानला जाई. जन्मापूर्वीच ज्याचा बाप गेला, त्याने फुंकर घातली की तान्ह्याचे आलेले तोंड बरे होई अशी समजूत होती. डांग्या खोकल्यावर पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या इसमाला उपाय विचारावा आणि तो सांगेल ते करावे! येथे माणूस वगळला तर उरते काय? कॅरगीन हे समुद्रशेवाळ दुधात उकळून पिणे नावाविना चालेल, बाकीचे नाही. (आजीबाईच्या बटव्यावरील आपल्याकडच्या पुष्कळ पुस्तकांतूनही आजीच तेवढी गाळलेली असते.)

गुण येतो की नाही, हा प्रश्न निराळा. चामखिळीवर उपाय उदंड: गोगलगाय चोळून काट्याला टोचावी, ती सुकेल तशी चामखीळ सुकेल. चामखीळ बहुधा आपोआपच जाते, म्हणून श्रेय घ्यायला सारेच उपाय मोकळे. डांग्या खोकल्यावरही ते उदंड, पण कारण उलटे: मुले दगावत आणि हाती दुसरे फारसे काही नसे. गाढवाच्या पोटाखालून आजारी लेकराला तीनदा काढणाऱ्या आईला हसण्याचे धाडस आम्हांस होत नाही. या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जपल्या आहेत आणि आता संगणकावरही वाचता येतात. लेडी वाइल्ड यांच्या एखाद्या सुंदर पानानंतर त्यांतले एखादे वाकडेतिकडे पान जरूर वाचावे, त्याच क्रमाने.