टी-पेशींचा मथळा आणि त्यामागचे आकडे

‘स्वतःच्याच पेशींनी स्तनकर्करोग बरा’ असे कात्रण शिरूर-दौंडकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात आणले, तर शिक्षकाने काय सांगावे? बातमी खरी, पण अपुरी आहे.

अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने शरीरभर रोग पसरलेल्या एका स्त्रीच्या गाठीतूनच टी-पेशी काढल्या. गाठीत ६२ उत्परिवर्तने होती. त्यांपैकी ४ ओळखणाऱ्या पेशी वाढवून परत शरीरात सोडल्या. रोग नाहीसा झाला. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मात्र २०२२ च्या अहवालानुसार असा उपचार घेतलेल्या ६ जणींपैकी तिघींच्याच गाठी आक्रसल्या. पूर्ण रोगमुक्त झाली ती हीच एक. शिवाय सोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे औषधही दिले होते. मग सारे श्रेय टी-पेशींना कसे द्यावे?

आपल्याकडे २०२३ मध्ये मान्यता मिळालेली, मुंबईच्या आयआयटी व टाटा रुग्णालयाची नेक्सकार-१९ ही टी-पेशींचीच उपचारपद्धती. पण ती काही रक्तकर्करोगांसाठी आहे. ती बी-पेशींवरील खूण शोधते. स्तनाच्या गाठीवर ती खूण नसते.

उलट, टाटा रुग्णालयाने मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासाचा मथळा क्वचितच होतो. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केल्यावर पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. अशा तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या गावीही ती होऊ शकते.

म्हणून प्रत्येक चमत्काराला विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारावा : कितींपैकी किती?