स्मरणरंजन आणि स्मरण : आरंभीच्या वैयक्तिक वेबपृष्ठांचा विचार

इंटरनेटच्या आरंभकाळाविषयी अलीकडे हळहळीच्या सुरात पुष्कळ लिहिले जाते. चांदण्यांची पार्श्वभूमी, लुकलुकणारी अक्षरे, 'काम चालू आहे' ही पाटी, या खुणा आठवून लेखक गहिवरतात. हा गहिवर खोटा नव्हे. परंतु नेमके काय हरवले, याचा निर्णय त्याने होत नाही. तो निर्णय करू पाहणाऱ्यास ओल्या लियालिना या रशियन कलावतीचा 'अ व्हर्नाक्युलर वेब' (२००५) हा निबंध विशेष उपयोगी पडतो. त्याचे मर्म व मर्यादा दाखविणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

लोकसाहित्याचा अभ्यासक कथाघटक वेचतो, त्याप्रमाणे लियालिना या हौशी पृष्ठांतील एकेक घटक वेगळा काढून पाहतात. 'काम चालू आहे' ही पाटी त्यांच्या लेखी विनोदाचा विषय नाही; पृष्ठ कधी पुरे होत नाही, कर्ता त्यावर पुन्हा हात फिरवणार आहे, याची ती ग्वाही होय. सजावटीची चित्रे एकाने दुसऱ्याकडून उचलावी, तिसऱ्याने त्याच्याकडून घ्यावी, असा व्यवहार होता. जात्यावरच्या ओवीचा प्रथम कर्ता जसा सांगता येत नाही, तसेच या चित्रांचे. मात्र ओवी गाणारी बहुधा अनाम राहते. येथे उसन्या अलंकारांनी नटलेल्या पृष्ठावर कर्ता स्वतःचा परिचय आग्रहाने देतो. सामूहिक सामग्री आणि व्यक्तिगत मुद्रा यांचा हा संयोग हेच या पृष्ठांचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

निबंधाच्या शीर्षकातील विशेषणही विचारात घेण्याजोगे आहे. 'व्हर्नाक्युलर फायनल' या जुन्या परीक्षेमुळे मराठी वाचकास ते अपरिचित नाही. जे 'व्हर्नाक्युलर' ठरते, त्याचे माप कोणीतरी वरच्या पायरीवरून घेत असतो. व्यावसायिक रचनाकारांनी ज्यास गावंढळ म्हटले, त्यास लियालिनांनी अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे मोठे कार्य होय.

परंतु स्मरणरंजनाने झाकलेली एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. या पृष्ठांचे सर्वांत प्रसिद्ध आश्रयस्थान म्हणजे जिओसिटीज. डेव्हिड बोनेट व जॉन रेझनर यांनी १९९४ साली कॅलिफोर्नियात ते स्थापन केले. तेथे जागा फुकट मिळे. साहित्य व तत्त्वज्ञानासाठी 'अथेन्स', विज्ञानकथांसाठी 'एरिया ५१' अशा वसाहती होत्या आणि प्रत्येक पृष्ठाच्या पत्त्यात घरक्रमांक असे. घर आपले, पण जमीन दुसऱ्याची! १९९९ साली याहूने ही संस्था विकत घेतली. रहिवाशांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगणारी याहूची कलमे त्याच वर्षी विरोधामुळे बदलावी लागली. पुढे २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील जिओसिटीज बंद झाले. तात्पर्य, आज ज्या स्वातंत्र्याची आठवण काढली जाते, ते स्वातंत्र्य भाडेकरूचे होते.

बंद होण्यापूर्वी 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने बराच भाग उतरवून घेतला. त्या संग्रहावर लियालिना व ड्रागान एस्पेनशीड यांनी परिश्रम केले आणि २०१३ पासून जुन्या पृष्ठांची चित्रे क्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हा उद्योग स्तुत्य आहे. तथापि चित्र मुखवटा दाखविते, वाचनाचा अनुभव देत नाही. निबंधाचाही भर रचनेच्या घटकांवर आहे. पृष्ठांवरील गद्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वाचकाचे स्वागत, स्वतःविषयीचे निवेदन, बरेच दिवस काही न लिहिल्याबद्दलची क्षमायाचना, हे त्या गद्याचे ठरीव संकेत होते. त्यांची चिकित्सा साहित्याच्या अभ्यासकानेच करावयाची आहे.

मराठीच्या संदर्भात ही निकड अधिक आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी पृष्ठे विशिष्ट फाँटवर अवलंबून असत. तो फाँट नसेल तर जतन केलेले पृष्ठही अर्थहीन रोमन अक्षरांची रास बनून समोर येते. म्हणजे केवळ नक्कल करून ठेवल्याने आपला मजकूर वाचत नाही. त्याची लिपीही सांभाळावी लागते. हळहळणे सोपे आहे. एखादे जुने पृष्ठ मिळवून, त्याचा फाँट शोधून, पाठ सिद्ध करणे कष्टाचे आहे. पण स्मरण म्हणावे ते यालाच.