सात नोव्हेंबरचा फळा

शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि बातम्या यांच्या जोडीला दिनविशेष असतो. दर्शनी भिंतीवरच्या फळ्यावर तो रंगीत खडूने लिहिलेला असतो आणि एखादा विद्यार्थी तो मोठ्याने वाचून दाखवतो. विज्ञानावर बोलण्याच्या निमित्ताने सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत आमचे गेली काही वर्षे जाणे होते. चहा येईपर्यंत तो फळा वाचायची आम्हाला सवयच लागली आहे. पुस्तकावर समीक्षा लिहिली जाते, नाटकावर लिहिली जाते. पण महाराष्ट्रातल्या हजारो शाळांतून रोज सकाळी वाचल्या जाणाऱ्या या चार-पाच ओळींवर कोणी लिहीत नाही. बाजारात मिळणारी दिनविशेषांची पुस्तके, त्यांवरून उतरवलेल्या वह्या आणि आता मोबाइलवर पहाटेच येऊन पडणारा तयार मजकूर, या सगळ्यांची घडण एकच आहे. ती तपासण्याजोगी आहे.

एका शाळेत ७ नोव्हेंबरला गेलो होतो. त्या वर्षी दिवाळी लवकर येऊन गेली होती, म्हणून शाळा भरलेली होती. फळ्यावर लिहिले होते : १८६७, मेरी क्युरी यांचा जन्म. १८७८, लिझ माइट्नर यांचा जन्म. १८८८, चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म. १९००, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा सातारा येथे शाळाप्रवेश (विद्यार्थी दिवस). १९१७, रशियन राज्यक्रांती.

व्याख्यानानंतर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, एवढी मोठी माणसं एकाच तारखेला कशी जन्मली? त्या दिवसातच काही असतं का?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच शेजारी बसलेले एक शिक्षक म्हणाले, "योग असतात, बाळ."

ते गृहस्थ भले होते, विज्ञानच शिकवत होते. पण आमच्या मते हे उत्तर त्यांनी दिलेले नव्हते, फळ्याने दिलेले होते. तारखेच्या मथळ्याखाली माणसांची नावे एकापुढे एक मांडली, की तारीख हेच त्यांच्यातले नाते आहे असे न सांगता सांगितले जाते. ज्या मुलांच्या घरी कालनिर्णय उघडून मुहूर्त पाहिला जातो, त्यांनी यातून दुसरे काय घ्यावे?

उत्तर गणितात आहे, आणि ते नववीच्या मुलांना झेपणारे आहे. एखाद्या दिनविशेषाच्या पुस्तकात २०० वैज्ञानिकांच्या जन्मतारखा आहेत असे धरू. दोघादोघांच्या जोड्या होतात २०० × १९९ ÷ २, म्हणजे १९,९००. कोणत्याही एका जोडीची तारीख जुळण्याची शक्यता ३६५ त एक. तेव्हा सुमारे ५५ जोड्यांच्या तारखा आपोआप जुळणार. तिघातिघांचे गट होतात १३,१३,४००. तिघांची तारीख एकच असण्याची शक्यता १,३३,२२५ त एक. म्हणजे असली सुमारे दहा त्रिकुटे केवळ योगायोगाने निघायला हवीत. क्युरी, माइट्नर व रामन हे त्यांपैकी एक त्रिकूट. असे एकही त्रिकूट सापडले नसते, तर मात्र आम्ही चकित झालो असतो.

आम्ही त्या वर्गातच प्रयोग केला. मुले ४० होती. इतक्या मुलांत निदान दोघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याची शक्यता ८९ टक्के असते. तेवीसच मुले असली तरी ती निम्म्याहून थोडी जास्त असते. दोन जोड्या निघाल्या. त्यांतल्या एका जोडीतला मुलगा कुस्ती खेळणारा आणि मुलगी गणितात पहिली. वर्ग हसला आणि योगाची गोष्ट तिथे संपली.

स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी. हॉकिंग स्वतः याचा उल्लेख करीत आणि पुढे जोडीत, की त्या दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असतील. दिनविशेषाच्या पुस्तकांत पहिले वाक्य असते, दुसरे गळालेले असते. जन्मवेळेवरून बुद्धी सांगता येते का, याची परीक्षा आपल्याकडेही झाली आहे. जयंत नारळीकर आणि साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या विशेष शाळांतल्या मुलांच्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरे दिली. नाणे उडवून जितकी बरोबर आली असती तितकीही ती आली नाहीत. हा निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला.

आता खुद्द तारखांकडे पाहू. रशियन क्रांती ७ नोव्हेंबरची, पण तिचे नाव ऑक्टोबर क्रांती. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि तिथे तो दिवस २५ ऑक्टोबर होता. क्युरीबाईंचा जन्म वॉर्सातला, रशियन साम्राज्यातला. रशियन गणनेने ती तारीख २६ ऑक्टोबर येते. म्हणजे आपल्या फळ्यावर एका दिवशी आलेल्या या दोन घटना रशियन दिनदर्शिकेत दोन वेगळ्या दिवशी पडतात, कारण दोन दिनदर्शिकांतले अंतर एकोणिसाव्या शतकात १२ दिवस होते आणि विसाव्या शतकात १३ झाले. माइट्नर यांच्या बाबतीत तर व्हिएन्नाच्या जन्मनोंदीत १७ नोव्हेंबर आहे, बाकी कागदपत्रांत ७. त्या स्वतः ७ मानीत. राहता राहिले रामन. त्यांच्या तारखेत घोळ नाही, पण २८ फेब्रुवारी हा त्यांचा वाढदिवस आहे असे सांगणारी मुले आम्हाला दरवर्षी भेटतात. तो दिवस १९२८ मध्ये लागलेल्या शोधाचा आहे.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हेही असेच एक लाडके वाक्य. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ हा इटलीतल्या नव्या गणनेचा; न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ हा इंग्लंडातल्या जुन्या गणनेचा. दोन्ही नव्या गणनेत आणले तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मतो. दोन्ही जुन्या गणनेत नेले तर गॅलिलिओ २९ डिसेंबर १६४१ ला जातो. कोणत्याही एका दिनदर्शिकेने मोजा, वर्ष एक येत नाही.

हे परदेशातले झाले. साताऱ्याच्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण प्रतापगडाचे आहे. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, असे आपण लिहितो. मूळ तिथी मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१. ती इंग्रजी तारखेत बदलताना इतिहासकारांनी जुनी गणना वापरली, कारण त्या काळचे इंग्रज तीच वापरीत. इंग्लंडने नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली. पण गोव्याचे पोर्तुगीज तोवर कधीच नव्या गणनेवर आले होते. म्हणजे त्याच गुरुवारी सुरतेच्या इंग्रजाच्या वहीत १० नोव्हेंबर असणार आणि गोव्याच्या पोर्तुगिजाच्या वहीत २० नोव्हेंबर. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या गणनेतली आहे; नव्या गणनेत तो दिवस १ मार्च येतो. यात कोणाची चूक नाही आणि तारीख बदला असेही आमचे म्हणणे नाही. परंतु तिथी, जुनी तारीख आणि नवी तारीख यांचा हा तिढा म्हणजे पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेवरचा एक उत्तम पाठ आहे, आणि दिनविशेषाची ओळ तो झाकून टाकते.

जागांचेही तसेच. यशवंतराव चव्हाणांचे देवराष्ट्रे आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडे मच्छिंद्र ही गावे एका पुस्तकात सातारा जिल्ह्यात असतात, दुसऱ्यात सांगलीत. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले, एवढे लिहिले की दोन्ही पुस्तके बरोबर ठरतात.

पण जन्मतारीख हे एवढे मोठे माप का मानायचे? जन्म ही कोणाचीच कर्तबगारी नव्हे. शिवाय आपल्या शाळांना तरी जन्मतारखांचा दिमाख शोभत नाही. कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. १ जून या तारखेची रांग लागलेली दिसेल. नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लावून टाकीत. त्या दिवशी जन्मलेल्यांत समान काय असेल, तर घरी जन्माची नोंद नसणे आणि तरीही शाळेत येणे.

म्हणून त्या फळ्यावरची आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ १९०० ची. ती जन्माची नाही, मृत्यूची नाही, जयंतीची तर नाहीच. ती रजिस्टरातली नोंद आहे. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले, क्रमांक १९१४. राज्य शासनाने २०१७ पासून हा विद्यार्थी दिवस ठरवला. पण 'शाळाप्रवेश' या एका शब्दात आत शिरल्यावर काय झाले ते येत नाही. त्या मुलाला वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने पाणी सोडले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांकडे जायला निघालेली ही भावंडे मसूरच्या स्टेशनावर उतरली, तेव्हा जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मसूर स्टेशनवरून आमच्या श्रोत्यांतली कितीतरी मुले गेलेली असतात.

आता फळ्यावरच्या इतर नावांकडे पुन्हा पाहा. क्युरीबाईंना वॉर्साच्या विद्यापीठात मुलगी म्हणून प्रवेश नव्हता. तिथे चोरून चालणाऱ्या वर्गांत शिकून त्या १८९१ मध्ये पॅरिसला गेल्या. माइट्नर यांना व्हिएन्नात मुलींसाठी पुढची शाळाच नव्हती, म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षा दिली. डॉक्टरेट मिळाल्यावरही बर्लिनच्या रसायनसंस्थेत त्यांना तळमजल्यावरच्या जुन्या सुतारखोलीत काम करावे लागले, कारण वरच्या प्रयोगशाळांत स्त्रियांना मज्जाव होता. फळ्यावरच्या तिघांना जोडणारा धागा हा आहे. शाळेचे दार कोणाला उघडे असते आणि कोणाला नसते, हा तो धागा. नोव्हेंबरच्या सात तारखेशी त्याचा काही संबंध नाही.

तारखेपेक्षा वर्षाने आणि कारणाने जोडावे, असे आम्ही त्या शाळेत सुचवले. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले म्हणून तो रंगभूमी दिन. त्या ओळीखाली त्या दिवशी जन्मलेल्या कोणा परदेशी माणसाचे नाव लिहिण्याऐवजी त्या काळी सांगली हे संस्थान होते हे लिहा. रोज पाच ओळी नकोत, आठवड्याला एकच नोंद करा आणि ती मुलांनी शोधलेली असू द्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "परिपाठाला वेळ किती असतो, सर, तुम्हाला माहीत नाही." तो आक्षेप खरा आहे आणि त्याला आमच्याकडे चांगले उत्तर नाही.

मार्चमध्ये त्यांचा निरोप आला. १० तारखेला मुलांनी एकच नोंद लिहिली होती : नायगावच्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. त्याखाली दुसरी ओळ, दोन महिने आधीची : १० जानेवारी १८९७ ला मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. सातवीतल्या एका मुलाने विचारले, की लस सापडल्यापासून ती लोकांपर्यंत पोचायला किती दिवस लागतात. त्या दिवशी पहिला तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाला.