जुन्या गोव्याची तांबडी भिंत : प्रबोधनकालीन वास्तूच्या आस्वादातील एक पेच

प्रबोधनकालीन कला पाहावयाची तर फ्लॉरेन्स वा रोम गाठले पाहिजे, असा समज मराठी वाचकांत रूढ आहे. वस्तुतः या परंपरेचे एक नगर मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल (आरंभ १५६२), बॉम जीझस बासिलिका (१५९४-१६०५) आणि रोमच्या सेंट पीटर्सचा आदर्श समोर ठेवून इटालियन धर्मगुरूंनी उभारलेले सेंट कॅजेटन चर्च ही त्याची ठळक उदाहरणे होत. फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडविलेला सेंट झेवियरच्या समाधीचा चौथराही येथेच आहे. १६९८चा हा चौथरा शैलीने बरोक असला, तरी दर्शनाच्या रांगेत त्याकडे पाहतो कोण?

तथापि खरा पेच बासिलिकेच्या दर्शनी भागात आहे. तिची उघडी, तांबडी जांभ्याची भिंत हीच आज तिची ओळख बनली आहे. मूळ रचनेत मात्र ही भिंत चुन्याच्या गिलाव्याखाली होती. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून स्तंभ व नक्षीसाठी वसईचा काळा पाषाण आणविला गेला. पांढऱ्या पृष्ठावर उठून दिसणारी काळी रेषा हा या रचनेचा प्राण होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, गिलावा काढला गेला आणि तो विरोध मावळला. रसिक ज्याला प्राचीनत्व समजून दाद देतो, ते विसाव्या शतकातील अभिरुचीचे अपत्य आहे.

उपनगरातील प्रेक्षकाची दृष्टी येथे तपासण्याजोगी आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरील चर्चच्या भिंती किंवा अंधेरीच्या सीप्झमधील १५७९चे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पाहताना तो उघड्या दगडाला 'पडझड' म्हणतो. गोव्यात तशाच उघडेपणाला तो 'सौंदर्य' म्हणतो. वास्तूपेक्षा स्थळाची कीर्तीच येथे निर्णय देते.

हा प्रश्न केवळ आस्वादाचा नाही. गोव्याच्या पावसात उघडा जांभा झिजतो. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत पुन्हा गिलावा करण्याची मागणी पुढे आली असून, परिचित रूप नाहीसे होईल या भावनेतून तिला विरोधही होतो. छायाचित्रांतील तांबडा रंग जपण्यासाठी भिंत पावसाला द्यावयाची, हा युक्तिवाद समीक्षेला मान्य होण्यासारखा नाही. गिलाव्याखाली झाकला जाईल तो जांभा. वसईचा पाषाण उघडाच राहील आणि शिल्पकाराने आखलेली रेषा पुन्हा वाचता येईल.