शोमरोनी बाईचे भांडे

मराठी ख्रिस्ती लेखनात आणि प्रार्थनासभांत ‘पुनःस्थापना’ हा शब्द वारंवार येतो. हरवलेले परत मिळणे, विझलेला विश्वास पुन्हा पेटणे, असा त्याचा आशय. ईयोबाचे गेलेले सारे दुपटीने परत आले, उधळ्या पुत्राला बापाचे घर पुन्हा मिळाले, ही त्याची नेहमीची उदाहरणे. माझा प्रश्न असा की, ज्याला मुळातच काही मिळाले नव्हते त्याची पुनःस्थापना कशात करायची? उधळ्या पुत्राजवळ उधळायला इस्टेट होती, परतायला घर होते. गावकुसाबाहेरचा माणूस मागे परतला तर तो पुन्हा गावकुसाबाहेरच पोहोचेल.

आणि तरीही या ग्रंथाने दलितांपैकी अनेकांना उभे केले, ही वस्तुस्थिती आहे. नगर-जालन्याकडे मिशनमध्ये गेलेल्यांत महार-मांग मोठ्या संख्येने होते. तिकडून पोटासाठी आलेली काही ख्रिस्ती कुटुंबे आज नवी मुंबईत तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांत बौद्ध कुटुंबांच्या शेजारी राहतात. त्यांच्या घरगुती प्रार्थनासभांतल्या ‘साक्षी’ मी ऐकल्या आहेत. साक्ष हा एक मौखिक वाङ्मयप्रकारच आहे आणि त्याचा साचा ठरलेला आहे: मी पापी होतो, वचन भेटले, शांती मिळाली. दारू सुटते, मोडलेला संसार सावरतो, खाली मान घालणारा माणूस चारचौघांत बोलू लागतो. हे फळ लहान नाही. पण या साच्यात बोलणाऱ्यावर झालेला अन्यायही त्याच्याच पापाच्या खात्यावर लिहिला जातो. हा दोष ग्रंथाचा की वाचनाचा, हे तपासायचे तर मराठीतल्या एका मोठ्या साक्षीकडे जावे लागेल.

ती साक्ष पंडिता रमाबाईंची. स्त्रीच्या हीनत्वाबद्दल शास्त्रांचे एकमत आहे, हे त्यांना कलकत्त्यात धर्मग्रंथ वाचताना कळले. १८८२ मध्ये त्यांचे पती वारले. १८८३ मध्ये इंग्लंडात फुलहॅम येथे ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी करीत असलेले काम त्यांनी पाहिले आणि हे कशाच्या बळावर, असे विचारले. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे टीकेची झोड उठली तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी.

पुढे रमाबाईंनीच लिहिले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. मला त्यांच्या कार्यातही असाच पालट दिसतो. १८८९ चे शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तीत जातीची अट उरली नाही. नव्याने जागलेली श्रद्धा खरी की खोटी, हे मी दार कोणासाठी उघडले यावरून ठरवतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले तेही कमी शिकलेल्या बायकांना समजावे म्हणून. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातून त्याची छपाई झाली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये आला. त्यातली वाक्ये मुळाला चिकटून राहिल्याने जागोजाग अडखळतात, हा आक्षेप मान्य. परंतु पंडितेने पांडित्य बाजूला ठेवले, ही घटना आक्षेपाहून मोठी आहे.

आता त्या कथेकडे वळू. दुपारची वेळ, याकोबाची विहीर, एकटी आलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावे, याचे तिला नवल वाटते. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नाहीत, असा खुलासा रूढ भाषांतरांत येतो. पण मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘एकत्र वापरणे’ असा आहे. डेव्हिड डाउबे या अभ्यासकाने १९५० मध्ये तो भांड्यांना लावला: दोघे एकच भांडे वापरीत नाहीत. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी हाच अर्थ घेतला आहे. ‘संबंध’ हा सभ्य शब्द आहे. ‘भांडे’ म्हटले की आपल्या वाचकाला पुढचे समजावून सांगावे लागत नाही. येशूजवळ पोहरा नाही. प्यायचे तर तिच्याच भांड्याने.

प्रवचनांतून या बाईला हमखास पापिणी ठरवतात, कारण तिला पाच नवरे झाले होते. या कथेत ‘पाप’ हा शब्दच नाही. येशू तिला क्षमा करीत नाही, पश्चात्ताप करायलाही सांगत नाही. ते पाच नवरे मेले की त्यांनी तिला टाकली, हेही सांगितलेले नाही. नवऱ्याच्या मरणाचा दोष बायकोच्या कपाळी मारणाऱ्या समाजात तरी वाचकाने इथे थांबायला हवे. ती घागर तिथेच टाकून गावात जाते, आणि तिच्या शब्दावर गाव विहिरीकडे येतो. तिची साक्ष स्वतःच्या शांतीपाशी संपत नाही.

बौद्ध वाचकाला इथे आनंद आणि प्रकृती आठवतील. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये या चांडालकन्येची कथा घेतली आहे. तिथेही भिक्षू पाणी मागतो, आणि जात विचारीत नाही. दोन्ही कथांत वरचा मागतो व खालचीला प्रतिष्ठा मिळते. २० मार्च १९२७ रोजी महाडला कोणी वरचा पाणी मागायला आला नव्हता. तहानलेले स्वतःच चवदार तळ्यात उतरले. ग्रंथ दाखवतो त्याच्या पुढचे पाऊल असे माणसांनाच टाकावे लागते.

ते पाऊल चर्चने टाकले का? मिशनांनी जात चर्चमध्ये शिरू दिली, अशी बाबासाहेबांची टीका होती. भारतीय चर्चमध्ये वेगळी बाके आणि वेगळी दफनभूमी होती, हे नोंदलेले सत्य आहे. राज्यसंस्थाही मागे नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील अनुसूचित जातींच्या व्याख्येत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित मात्र बाहेरच ठेवले गेले. गाव त्यांची जात विसरत नाही. आदेश तेवढा विसरतो.

नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी नळाने घरोघरी जाते. पाणवठा दिसेनासा झाला, भांडे राहिले. इमारतींतून घरकाम करणाऱ्या कितीतरी बायांना आजही वेगळ्या कपात चहा मिळतो. त्यांच्यातली एखादी रविवारी शोमरोनी बाईची कथा ऐकत असेल, तर तिला तिच्या पापाबद्दल सांगू नये. तिला त्या भांड्याबद्दल सांगावे. ‘पुनःस्थापना’ या शब्दाऐवजी मग आपल्याला ‘स्थापना’ हा शब्द पुरेल, आणि तिथे बौद्ध आणि ख्रिस्ती दलितांना एकमेकांची भाषा परकी वाटणार नाही.